प्रतिसृष्टीचा कारभारी : भेंडवळच्या घटापासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

१/
मृग नक्षत्र लागले की सावनेर तालुक्यातील कास्तकारासमोर एकच मोठा प्रश्न उभा राहतो : कपाशीचे बियाणे आज जमिनीत टाकावे की थांबावे? पहिल्या सरीवर विसंबून पेरले आणि पुढे पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणी ठरलेली. बियाणे, मजुरी आणि हंगामाचे मोलाचे दिवस, तिन्ही वाया.

२/
या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी माणसाने फार जुनी युक्ती योजली आहे. खऱ्या जगाची लहान प्रतिकृती रचायची, तिला नियम घालून द्यायचे आणि तिच्यात काय घडते ते पाहून खऱ्या जगाचे भाकीत करायचे. विश्वामित्राच्या कथेतला शब्द वापरायचा तर, ही प्रतिसृष्टी. आज तिचे नियम ठरविण्याचे काम यंत्राकडे चालले आहे. त्या प्रवासाचा हा इतिहास. 🧵

३/
प्रारंभ विदर्भातूनच करावा लागतो. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ नावाचे गाव आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी तेथे शेतात घटमांडणी होते. वर्तुळात अठरा प्रकारची धान्ये ठेवली जातात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई, करंजी.

४/
यातील प्रत्येक वस्तू कशाची तरी प्रतिनिधी आहे. पुरी म्हणजे पृथ्वी, पानविडा म्हणजे राजा, सरकी म्हणजे कपाशीचे पीक. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. पहाटे चंद्रभान महाराज वाघ यांचे वंशज घटातील बदल पाहून पाऊस, पिके आणि राज्यकारभार यांविषयी भाकीत सांगतात. ही परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचे सांगितले जाते.

५/
या भाकिताला शास्त्रीय आधार नाही आणि अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्त्यांनी त्यावर टीकाही केली आहे. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाने घटाची रचना नीट पाहावी. एका शेताच्या तुकड्यात ऋतू, पीक, राजा आणि पृथ्वी बसविणारी ही संपूर्ण प्रतिसृष्टी आहे. तिचे नियम परंपरेने ठरविले आणि भाकीत सांगणारा माणूस सर्वांच्या ओळखीचा आहे.

६/
आता एकोणिसाव्या शतकात येऊ. १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली. पाठोपाठ १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळली आणि पावसाचे पूर्वानुमान हा राज्यकर्त्यांपुढील तातडीचा प्रश्न झाला. खात्याचे प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या प्रमाणावरून मान्सूनचा अंदाज बांधला. १८८६ पासून असे हंगामी अंदाज नियमित निघू लागले.

७/
त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी १८९९ साठी चांगल्या पावसाचा अंदाज दिला. प्रत्यक्षात त्या वर्षी देशाने अतिभयंकर अवर्षण पाहिले. तीनच वर्षांपूर्वीच्या दुष्काळातून न सावरलेला मध्य प्रांत, ज्यात नागपूर जिल्हा येत असे, पुन्हा होरपळला. चुकलेल्या अंदाजाची किंमत अंदाज करणारा देत नाही, हे त्या वर्षी ठळकपणे दिसले.

८/
मात्र याच काळात एक निमूट काम चालू होते. देशभर तहसील कचेऱ्यांच्या आवारात पर्जन्यमापके बसविली जात होती. रोज सकाळी कोणी कारकून नरसाळ्याखालच्या बाटलीतील पाणी मोजपात्रात ओती आणि वहीत एक आकडा लिही. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य. या वहीतील नोंदी पुढे कामास येणार आहेत. त्या लक्षात ठेवाव्यात.

९/
१९०४ मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर खात्याचे प्रमुख झाले. त्यांनी जगभरच्या नोंदी जमविल्या आणि भारतीय कर्मचाऱ्यांकडून हाताने हजारो गणिते करवून घेतली. त्यातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरील हवेच्या दाबाचा झोका, म्हणजे ‘सदर्न ऑसिलेशन’, उमगला. एल निनोविषयीच्या आजच्या चर्चेचे हे एक मूळ.

१०/
१९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. पुढे ते दिल्लीला गेले, पण शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात आणि समोरच्या चौकालाही तेच नाव आहे. या नावात हवामानशास्त्राचा केवढा इतिहास दडला आहे, हे तेथून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

११/
दरम्यान युरोपात एका माणसाने गणिताची प्रतिसृष्टी रचली. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका पथकात काम करीत असताना लुई फ्राय रिचर्डसन यांनी नकाशावर चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनातील हवेला भौतिकशास्त्राची समीकरणे लावली. २० मे १९१० या सरलेल्या दिवसाच्या सहा तासांचा अंदाज त्यांनी हाताने मांडला. उत्तर साफ चुकले.

१२/
तरीही १९२२ च्या ग्रंथात त्यांनी एक विलक्षण कल्पना मांडली. एक प्रचंड गोलाकार सभागृह, भिंतींवर पृथ्वीचा नकाशा आणि गणिते करणारी ६४,००० माणसे. मधल्या उंच चौथऱ्यावर उभा असलेला नियंता मागे पडणाऱ्यांवर निळा आणि पुढे धावणाऱ्यांवर गुलाबी प्रकाश टाकतो. प्रतिसृष्टीला कारभारी लागतो, हे रिचर्डसन यांनी तेव्हाच ओळखले होते.

१३/
१९५० मध्ये अमेरिकेत जूल चार्नी, जॉन फॉन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम एनिॲक या संगणकावर करून दाखविले. २४ तासांच्या अंदाजाला जवळजवळ २४ तासच लागले. हवामान आणि गणित यांची ही शर्यत पुढे यंत्रांनी जिंकली, पण ती यंत्रे भारताला सहजी मिळाली नाहीत.

१४/
१९८० च्या दशकात भारताने मान्सूनच्या अभ्यासासाठी क्रे महासंगणक मागितला, तेव्हा अमेरिकेने कमी क्षमतेचे प्रारूप देऊ केले. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. त्याचे नेतृत्व करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे आणि त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण नागपूरचे.

१५/
पुण्यातीलच भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने (स्थापना १९६२) पुढे आयआयटीएम-ईएसएम हे संपूर्ण पृथ्वीचे प्रारूप रचले. समुद्र, बर्फ, जमीन आणि वातावरण असलेली ही आभासी पृथ्वी. आंतरराष्ट्रीय हवामानबदल अहवालासाठीच्या सामायिक प्रयोगांत सहभागी झालेले ते भारताचे पहिले प्रारूप. पण त्यातील एक चौकोन सुमारे २०० किलोमीटरचा.

१६/
याचा अर्थ काय? सावनेर, नागपूर आणि छिंदवाडा यांना त्या पृथ्वीवर मिळून एकच आकाश आहे. कोलार नदीच्या काठी कोसळलेली आणि नागपूरला न पडलेली सर तेथे दिसूच शकत नाही. शंभर वर्षांनंतरच्या तापमानाचा विचार करण्यास ते पुरेसे आहे, उद्याच्या पेरणीस नाही.

१७/
रोजच्या अंदाजाची प्रारूपे बारीक असतात. २६ मे २०२५ रोजी दिल्लीत ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’चे लोकार्पण झाले. तीही पुण्याच्या याच संस्थेने विकसित केली असून तिचा चौकोन सहा किलोमीटरचा आहे. सावनेर आणि नागपूर यांच्या दरम्यान आता असे जवळपास सहा चौकोन बसतात. योगायोग असा की त्याच दिवशी मान्सून मुंबईत पोहोचला, नोंदींतील सर्वांत लवकर.

१८/
येथपर्यंतच्या प्रतिसृष्टींचे नियम माणसांनी लिहिले होते. एक अडचण मात्र कायम राहिली. ढग चौकोनाहून लहान असतो. त्यामुळे ढगांसाठी शास्त्रज्ञ अनुमानाची सूत्रे घालतात आणि मान्सूनचा अंदाज अनेकदा तेथेच घसरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेने प्रवेश केला तो या फटीतून.

१९/
२०२३ मध्ये ‘ग्राफकास्ट’ने दहा दिवसांचा जागतिक अंदाज एका मिनिटाच्या आत देऊन दाखविला. त्याला भौतिकशास्त्राचे एकही समीकरण दिलेले नव्हते. ३९ वर्षांच्या हवामानातून नियम त्याने स्वतः शोधले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘न्यूरलजीसीएम’ने मधला मार्ग घेतला. मोठ्या वाऱ्यांसाठी समीकरणे आणि ढगांसारख्या सूक्ष्म घडामोडींसाठी शिकलेले नियम.

२०/
यात एक गंमत आहे. ही यंत्रे ज्या ‘ईआरए५’ संचावरून शिकली, तो निव्वळ मोजमापांचा संच नव्हे. प्रत्यक्ष नोंदी आणि जुन्या पद्धतीचे प्रारूप यांच्या मेळातून तो घडविलेला आहे. म्हणजे नव्या कारभाऱ्याने पृथ्वीचा पाठ घेतला, तोही काही अंशी एका आधीच्या प्रतिसृष्टीकडून.

२१/
२०२५ च्या खरिपात ही प्रतिसृष्टी शेताच्या बांधापर्यंत आली. केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचा अंदाज एसएमएसने कळविला. त्यामागे न्यूरलजीसीएम, युरोपीय केंद्राचे एआयएफएस आणि हवामान खात्याच्या १२५ वर्षांच्या पर्जन्यनोंदी यांचा मेळ होता.

२२/
त्या वर्षी मान्सून लवकर आला आणि मग सुमारे वीस दिवस रेंगाळला. हा खंड अंदाजात आधीच दिसला होता, असे मंत्रालयाने सांगितले. सावनेरच्या सीमेपलीकडील मध्य प्रदेशात आणि बिहारमध्ये शेतकऱ्यांना दूरध्वनी करून विचारणा झाली, तेव्हा ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी संदेशानुसार पेरणीविषयीचे निर्णय बदलल्याचे आढळले.

२३/
हा आकडा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. यंत्र ज्या जगाचा कारभार पाहते ते आभासी आहे, पण त्याच्या शब्दावर खऱ्या वावरात तिफण चालते किंवा थांबते. एलियट यांच्या १८९९ च्या अंदाजाइतकीच ही जबाबदारी मोठी आहे.

२४/
शिवाय यंत्राचे ज्ञान नोंदलेल्या भूतकाळाचे आहे. तापत्या पृथ्वीवर उद्या न पाहिलेला पाऊस आला, तर ते काय सांगेल? रिचर्डसन यांची चूक कागदावर ओळीओळीने शोधता आली. शिकलेले नियम कोट्यवधी आकड्यांत विखुरलेले असतात. त्यांतील चूक कोणत्या ओळीत, हे दाखविता येत नाही.

२५/
म्हणूनच आठव्या भागातील तो कारकून पुन्हा आठवावा लागतो. १२५ वर्षांच्या नोंदी म्हणजे त्याच्यासारख्या असंख्य अनामिकांनी रोज सकाळी लिहिलेले आकडे. त्यांनी शून्यही प्रामाणिकपणे लिहिले. नव्या कारभाऱ्याचे शिक्षण त्या वह्यांवर झाले आहे आणि त्याची परीक्षा घेण्याचे साधनही तेच आहे.

२६/
आजही सकाळी साडेआठच्या ठोक्याला देशभर चोवीस तासांचा पाऊस मोजला जातो. महासंगणकाने काहीही सांगितलेले असो, आदल्या दिवशी सावनेरला किती पाऊस पडला, हे पर्जन्यमापकातील पाणीच ठरविते. घट असो, समीकरण असो वा कृत्रिम बुद्धिमत्ता, प्रत्येक प्रतिसृष्टीला शेवटी याच पाण्यापुढे हिशेब द्यावा लागतो.

लेखनसीमा.