महाराष्ट्राचे सर्वकालीन सात कबड्डीपटू कोण? पारावरच्या वादासाठी लागणारी सगळी माहिती

कळंब : भात झोडून झालं की आपल्याकडे मैदानं आखली जातात. कर्जत-खालापूरच्या गावांमध्ये रात्रीचे सामने सुरू होतात. दोन सामन्यांच्या मध्ये जी मोकळी दहा मिनिटं मिळतात, त्यात हा वाद हमखास निघतो. "आमच्या वेळेला अशोक शिंदे होता," असं कुणी काका म्हणतात. लगेच एखादा पोरगा मोबाईल काढून सिद्धार्थ देसाईची चढाई दाखवतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणून वाद मिटत नाही. तो मिटावा अशी आमचीही इच्छा नाही. पण वाद घालताना नावं आणि वर्षं तरी पक्की असावीत, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट ठरवून घेऊ. 'महाराष्ट्राचा खेळाडू' म्हणायचं कुणाला? अनुप कुमारने यू मुंबाचं नेतृत्व केलं आणि २०१५ मध्ये प्रो कबड्डीचा दुसरा हंगाम जिंकून दिला. तरी तो हरियाणाचा. त्याच्यावर प्रेम करा, पण या यादीत त्याला धरता येणार नाही. उलट रिशांक देवाडिगा किंवा सदानंद शेट्टी यांची आडनावं ऐकून कुणी 'हे आपले नव्हेत' म्हणत असेल, तर त्याने मुंबईच्या गिरणगावातली कबड्डी आठवावी. कोकणातला, घाटावरचा आणि दक्षिणेतून आलेला कामगार तिथे एकाच मैदानात घुमायचा. जो इथे घडला, तो आपला. रेल्वेत किंवा सेनादलात नोकरी लागल्यामुळे राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या संघाकडून खेळावं लागलेलेही आपलेच धरू. पोटासाठी जर्सी बदलली म्हणून माती बदलत नाही.

मातीतली माणसं

कबड्डीतला पहिला अर्जुन पुरस्कार १९७२ सालचा, आणि तो सदानंद शेट्टी यांना मिळाला. भारतीय हौशी कबड्डी महासंघाची स्थापनाही त्याच सुमाराची. म्हणजे खेळाला देशपातळीवर नीट घडी बसत असताना देशातला सर्वोत्तम म्हणून पहिलं नाव महाराष्ट्राचं निघालं. पुढे १९८०-८१ चा अर्जुन शांताराम जाधव यांना मिळाला. या दोघांना यादीतून काढायला कुणी धजावणार नाही. पण त्यांच्याबद्दल वाद घालणं अवघड आहे, कारण हातात आकडे नाहीत. आज प्रत्येक चढाईचा, प्रत्येक पकडीचा गुण संगणकात जातो. तेव्हा गुणपत्रक कागदावर असायचं. सामना संपला की ते कुणाच्या तरी पिशवीत जायचं आणि पुढच्या पावसाळ्यात भिजायचं.

शिवाय तो खेळच वेगळा होता. आता चढाईला ३० सेकंद असतात. पूर्वी दम हेच घड्याळ. जोवर 'कबड्डी कबड्डी' तुटत नाही तोवर चढाई चालू. लाल माती, अनवाणी पाय, खरचटलेले गुडघे. मॅटवर पाय घसरत नाही, बूट पकड देतात, त्यामुळे खेळ वेगवान झाला. मातीत मात्र पकड सुटली की सुटलीच. म्हणून 'जुने आज टिकले असते का?' हा प्रश्न विचारणाऱ्याला उलटही विचारावं : आजचे तेव्हा टिकले असते का? आमच्या मते दोन्ही प्रश्नांना उत्तर नाही. माणूस आपल्या काळात इतरांपेक्षा किती पुढे होता, एवढंच मोजता येतं.

त्या मापाने पाहिलं तर आमचं पहिलं नाव अशोक शिंदे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी फक्त प्रदर्शनापुरती होती. १९९० ला बीजिंगमध्ये ती पहिल्यांदा पदकाचा खेळ झाली. भारताने सुवर्ण जिंकलं आणि त्या संघात अशोक शिंदे होते. १९९४ चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. पुढे आशियाई स्पर्धेत भारताची सुवर्णपदकांची जी रांग लागली, तिच्या पहिल्या पदकात आपला माणूस होता. यापेक्षा मोठा दाखला कुठला?

त्यांच्यानंतर पंकज शिरसाट. २००९ चे अर्जुन विजेते. आजच्या पोरांना हे नाव कमी ठाऊक आहे, कारण प्रो कबड्डी आली तोवर त्यांचा बहर होऊन गेला होता. टीव्ही पाच-सहा वर्षं उशिरा आला म्हणून खेळाडू लहान ठरत नाही. त्यांच्याच काळात, २००७ साली, कबड्डीचा विश्वचषक आपल्या रायगड जिल्ह्यात, पनवेलला झाला होता! अंतिम सामन्यात भारताने इराणला २९-१९ असं हरवलं. कर्जतपासून तास-दीड तासावर विश्वचषक होऊन गेला, हे तालुक्यातल्या निम्म्या पोरांना माहीत नसेल.

मॅटवरचे

२०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि वादाला आकडे मिळाले. आकडे आले की भांडण कमी होईल असं वाटतं. इथे उलटं झालं.

काशिलिंग अडके हा सांगली जिल्ह्यातल्या कासेगावचा. दुसऱ्या हंगामात सर्वाधिक चढाई गुण त्याचे. उंच उडी मारून पकडीवरून निघून जाणं ही त्याची ओळख. नितीन मदनेही सांगलीकडचा. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणला २७-२५ असं निसटतं हरवलं, त्या सुवर्णविजेत्या संघात तो होता. सिद्धार्थ देसाई चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा. २०१८ ला यू मुंबाने त्याला ३६ लाख ४० हजारांत घेतलं. एकाच हंगामात त्याने असा धुमाकूळ घातला की पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने १ कोटी ४५ लाख मोजले. खेड्यातल्या पोराला कबड्डीने कोट्यधीश केलं, ही बातमी त्या वर्षी आपल्याकडे घराघरांत पोचली.

तरी यादीत आम्ही सिद्धार्थच्या आधी रिशांक देवाडिगाला घेतो. २०१७ मध्ये यूपी योद्धाकडून जयपूरविरुद्ध एका सामन्यात त्याने चढाईचे २८ गुण घेतले, तो तेव्हाचा विक्रम होता. पण आमचं कारण ते नाही. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, तेही ११ वर्षांनी. कर्णधार होता रिशांक. लिलावातले पैसे खेळाडूचे असतात, हा चषक राज्याचा होता.

बचावात गिरीश एर्नाक. कल्याणचा, म्हणजे आपल्याच लोकल लाईनवरचा. डावा कोपरा हे कबड्डीतलं सगळ्यात बेभरवशाचं ठिकाण आहे. चढाईपटूचा पाय घोट्यापाशी धरायचा, आणि अर्धा क्षण चुकला तर स्वतः बाद. गिरीश ते वर्षानुवर्षं करत आला. २०१८ च्या जकार्ता स्पर्धेत भारताला उपांत्य फेरीत इराणने हरवलं आणि कांस्यावर समाधान मानावं लागलं, त्या संघात तो होता. काही जण त्या पराभवामुळे त्याला खाली ओढतात. आम्हाला ते पटत नाही. एक कोपरा सगळा संघ वाचवत नसतो.

आणि अस्लम इनामदार. नगर जिल्ह्यातला हा पोरगा २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघात होता. १ मार्च २०२४ ला त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून पहिलं प्रो कबड्डी विजेतेपद मिळवलं. त्या हंगामाचा सर्वात मौल्यवान खेळाडूही तोच. वय लहान आहे, 'सर्वकालीन' म्हणायला घाई होते, असा आक्षेप येईल. पण चढाई करतो, बचावात उभा राहतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत डोकं थंड ठेवतो, असे किती जण आहेत?

मुलींची नावं घेताना आवाज का उतरतो?

या वादात बायकांची नावं शेवटी येतात, आली तर. खरं तर तिथली यादी जास्त भक्कम आहे. शकुंतला खटावकर १९७८-७९ च्या अर्जुन विजेत्या. माया आक्रे-मेहेर १९८३ च्या. पाटण्याला २०१२ मध्ये महिलांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, त्या संघात अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के अशा तिघी महाराष्ट्राच्या होत्या. राज्य सरकारने प्रत्येकीला १ कोटी जाहीर केले, तेव्हा कुठे त्यांचे फोटो पहिल्या पानावर आले. अभिलाषाने २०१४ ला आशियाई सुवर्ण आणि २०१५ चा अर्जुनही मिळवला. सोनाली शिंगटे २०१८ च्या रौप्य संघात, स्नेहल शिंदे हांगझोऊच्या सुवर्ण संघात. या सात झाल्या की! मोजून बघा.

यात एक गंमत अशी, की २०१८ च्या अंतिम सामन्यात भारतीय मुलींना २७-२४ असं हरवणाऱ्या इराणच्या संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या. म्हणजे दोन्ही बाजूंना महाराष्ट्र.

मुलींच्या बाबतीत अडचण गुणवत्तेची नाही, वेळेची आहे. गावचे सामने रात्री अकरा-बाराला रंगतात. त्या वेळी पोरगी मैदानावर पाठवायला कुठलं घर तयार होईल? सामने दुपारी ठेवले तर फरक पडतो, पण प्रेक्षक कमी येतात म्हणून आयोजक तयार नसतात. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र मोठ्या स्पर्धेत खेळल्यावरच मिळतं. मैदानाची सवयच नसलेली मुलगी जिल्हा निवड चाचणीला पोचणार कशी?

तर पुरुषांत आमचे सात : सदानंद शेट्टी, शांताराम जाधव, अशोक शिंदे, पंकज शिरसाट, रिशांक देवाडिगा, गिरीश एर्नाक, अस्लम इनामदार. राखीव म्हणून काशिलिंग आणि सिद्धार्थ. काशिलिंगला बाहेर ठेवल्याबद्दल शिव्या येणार, याची कल्पना आहे. त्याला घ्यायचं असेल तर सातातून कुणाला काढायचं, तेही सांगा.