एका गोळीचा नेम

न्यू यॉर्क शहराजवळ लाँग आयलंडवर क्रीडमूर नावाचे नेमबाजीचे मैदान होते. २६ सप्टेंबर १८७४ रोजी तिथे आयर्लंड आणि अमेरिका यांच्यात सामना झाला. अंतरे होती ८००, ९०० आणि १००० यार्ड. आयरिश नेमबाजांकडे डब्लिनच्या रिग्बी यांच्या ठासणीच्या रायफली होत्या, म्हणजे दारू आणि गोळी तोंडाकडून भरायची. अमेरिकनांकडे मागून काडतूस घालण्याच्या शार्प्स आणि रेमिंग्टन रायफली होत्या. एका आयरिश नेमबाजाची गोळी अचूक लागली, पण शेजारच्या निशाणावर, त्यामुळे तिचे गुण मिळाले नाहीत. शेवटचा बार उरला तेव्हा अमेरिका एका गुणाने मागे होती आणि तो बार कर्नल जॉन बोडीन यांचा होता. थोड्याच वेळापूर्वी जिंजर बिअरची बाटली फुटून त्यांचा हात कापला होता. जखमेवर रुमाल गुंडाळून ते मैदानावर पालथे झाले आणि गोळी निशाणाच्या काळ्या मध्यावर बसली. चार गुण. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१.

मागून भरायच्या बंदुकीने ठासणीच्या बंदुकीला हरवले, असे या सामन्याबद्दल सांगतात. तीन गुणांच्या फरकावर, आणि तोही चुकीच्या निशाणावर गेलेल्या गोळीमुळे, एवढा मोठा निकाल काढावा असे मला वाटत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते दोन्ही संघांच्या रायफलींवर सारखेच असलेले एक साधन, साइट. दस्त्याच्या मानेवर उभी केलेली पोलादी पट्टी, तिच्यावर वर-खाली सरकणारी चकती, चकतीत बारीक भोक, बाजूला व्हर्नियरच्या रेघा. स्क्रू किंचित फिरवला की हजार यार्डांवर गोळी काही इंच वर चढते. एकेरी, म्हणजे एका वेळी एकच गोळी भरायच्या, रायफलीचा इतिहास लिहिणारे तिच्या खटक्यांविषयी, म्हणजे भरण्याच्या यंत्रणेविषयी, पानेच्या पाने लिहितात आणि साइटला तळटीपेत ढकलतात. एकच गोळी हाती असलेल्या माणसाचे सगळे काम त्या साइटवर अवलंबून होते, म्हणून ही कुळकथा खटका आणि साइट या दोघांची मिळून सांगायला हवी.

ठासणीची बंदूक मराठी माणसाला परकी नाही. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ती आजही अनेक घरांत सापडते. दारू ओतायची, वर गोळी, गजाने ठासायचे, केप बसवायची, घोडा चढवायचा. हे सगळे उभ्याने करणेच सोयीचे. पालथे पडलेल्या शिकाऱ्याला ते फार अवघड जाते. आटे पाडलेल्या नळीत तर आणखी अडचण. गोळी आट्यांत घट्ट बसली तरच ती फिरत जाते आणि सरळ जाते, पण घट्ट गोळी तोंडाकडून खाली ढकलताना जीव मेटाकुटीला येतो. गोळी मागून घालता आली तर हा प्रश्नच मिटतो. प्रश्न उरतो तो मागचे दार बंद कसे करायचे हा.

त्याचे सर्वात नेटके उत्तर ख्रिश्चन शार्प्स यांनी १८४८ मध्ये पेटंट केले. चापाभोवतीचे कडे हाच दांडा. तो खाली ओढला की नळीमागचा पोलादी ठोकळा सरळ खाली घसरतो आणि नळीचे मागचे तोंड उघडे पडते. काडतूस अंगठ्याने आत सरकवायचे, दांडा वर घ्यायचा, ठोकळा पुन्हा जागेवर. सुरुवातीची काडतुसे कागदाची किंवा तागाच्या कापडाची असत. वर येणाऱ्या ठोकळ्याची धार काडतुसाची शेपटी कापून टाके आणि दारू उघडी होई. फटीतून मात्र गरम वायू सुटत असे. पितळी काडतूस आले तेव्हा ही फट काडतुसानेच बुजवली, कारण बार होताच पितळ फुगून नळीच्या भिंतीला चिकटते. रिकामे पितळ बाहेर ओढायला एक आकडी पुरे झाली. १८७०च्या दशकात अमेरिकेच्या गवताळ मैदानांवरचे बायसनचे कळप मुख्यतः अशाच रायफलींनी संपवले. दहा-पंधरा वर्षांत कळप गेले आणि शार्प्स कंपनीही १८८१ मध्ये बंद पडली. यंत्राच्या गुणाचे कौतुक करताना त्या कत्तलीकडे डोळेझाक करता येत नाही.

दुसरी शाखा बॉस्टनच्या हेन्री पीबडी यांची, १८६२ सालची. त्यांचा ठोकळा मागच्या टोकाला बिजागरीवर झुलतो आणि पुढचे टोक खाली जाते. स्वित्झर्लंडच्या फ्रीडरिख फॉन मार्टिनी यांनी बाहेरचा घोडा काढून टाकला आणि ठोकळ्याच्या आत स्प्रिंगवरची टोचणी बसवली. एडिंबरोच्या अलेक्झांडर हेन्री यांची सात आट्यांची नळी या खटक्याला जोडली आणि १८७१ मध्ये ब्रिटिश फौजेने मार्टिनी-हेन्री स्वीकारली. ४८० ग्रेनची गोळी, ८५ ग्रेन काळी दारू. खांद्याला बसणारा धक्का सैनिक जन्मभर विसरत नसे.

हिंदुस्थानात ही रायफल आली ती आधी गोऱ्या पलटणींकडे. १८५७ नंतर इंग्रजांनी देशी शिपायांना एक पिढी जुने हत्यार देण्याचे धोरण ठेवले होते. १८८०च्या जुलैत अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत ६६व्या गोऱ्या पलटणीकडे मार्टिनी-हेन्री होत्या, तर मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर्सकडे आणि जेकब्स रायफल्सकडे स्नायडर. जुन्या एन्फील्डचे मागचे टोक कापून त्यावर झाकण बसवलेली ती बंदूक. हार सगळ्यांच्याच वाट्याला आली. पुढे मार्टिनी हिंदुस्थानभर पसरल्या आणि .४५० मापाची काडतुसे बंडखोरांच्या हाती जातील या भीतीने विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारने त्या मापाच्या रायफली इथे आणायलाच बंदी घातली. लंडनच्या बंदूककारांनी त्यावर .४७० आणि .४६५ अशी मापे काढली. वाघ-हत्तींच्या शिकारकथांतून वाचलेले हे आकडे त्या भीतीतून जन्मले आहेत. जिम कॉर्बेट यांनी ‘जंगल लोअर’मध्ये लहानपणी कॅडेट असताना मिळालेल्या .४५० मार्टिनीविषयी लिहिले आहे, ती याच कुळातली.

शिकारी रायफल म्हणून सर्वांत देखणी शाखा स्कॉटलंडची. जॉन फार्क्वार्सन यांनी १८७२ मध्ये घेतलेले पेटंट ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्ज यांनी बनवायला घेतले. घोडा आत, बाजू सपाट, दांडा चापाच्या कड्याला बिलगलेला. या रायफलीला हातात धरून खांद्याला लावले की दोन्ही हातांच्या मध्ये फारच थोडी लांबी उरते. बोल्टच्या, म्हणजे नळीमागची दांडी मागे-पुढे ओढून भरायच्या, रायफलीत काडतूस मागे-पुढे सरकायला जी जागा लागते ती इथे नाही. नळी तेवढीच ठेवून रायफल सुमारे चार इंच आखूड होते. झाडीत हा फरक फार मोठा.

अमेरिकेत यूटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी जॉन ब्राउनिंग यांनी वयाच्या तेविसाव्या वर्षी आपला घसरता ठोकळा तयार केला आणि १८७९ मध्ये पेटंट मिळवले. भावांच्या मदतीने छोट्या कारखान्यात काही शे रायफली बनल्या. त्यातली एक विंचेस्टर कंपनीच्या नजरेस पडली, कंपनीचे उपाध्यक्ष थेट ऑग्डेनला गेले आणि १८८३ मध्ये ८००० डॉलरांना हक्क विकत घेतले. तीच विंचेस्टर मॉडेल १८८५.

आता साइट. काळ्या दारूची जड गोळी मंद जाते आणि कमानीसारखी पडते. .४५-७० मापाची ४०५ ग्रेनची गोळी १०० यार्डांवर जुळवली, तर २०० यार्डांवर ती फूटभराहून जास्त खाली लागते. म्हणजे अंतर ओळखण्यात चूक झाली की जनावर जखमी होऊन पळणार. इंग्रजांनी यावर गोळी हलकी आणि दारू जास्त हा उपाय केला. १८५६ मध्ये जेम्स पर्डी यांनी अशा रायफलीला आगगाडीवरून ‘एक्स्प्रेस ट्रेन’ नाव दिले. तिच्या नळीवर उथळ खाचेची एक उभी पट्टी १०० यार्डांसाठी, सोबत २०० आणि ३०० च्या आडव्या घडीच्या पट्ट्या. खाचेखाली चांदीची किंवा प्लॅटिनमची पांढरी रेघ, पुढे नळीच्या टोकावर नेमाचा बारीक दाणा, म्हणजे माशी. संध्याकाळी ही माशी दिसेनाशी होते, म्हणून तिच्यासमोर उलटून उभा राहणारा हस्तिदंती मणी बसवत. वाघाच्या भक्ष्याजवळ मचाणावर बसणाऱ्यासाठी हा मणीच खरा आधार.

पण खाचेच्या साइटला एक अंगभूत अडचण आहे. मागची खाच, पुढची माशी आणि जनावर तीन वेगळ्या अंतरांवर असतात, आणि डोळ्याला एका वेळी एकच स्पष्ट दिसते. चाळिशी उलटली की खाच हमखास पुसट होते. कनेक्टिकटचे विल्यम लायमन यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस यावर फार सुंदर उपाय काढला. क्रीडमूरच्या चकतीतले भोक सुईसारखे बारीक, उजेडाच्या मैदानासाठी ठीक. लायमन यांनी ते भोक मोठे केले आणि कड पातळ ठेवली. डोळ्याजवळ असल्याने कड जवळजवळ दिसतच नाही आणि डोळा माशीला आपोआप मध्यभागी आणून ठेवतो, कारण उजेड तिथेच जास्त असतो. नेमबाजाने भोकाकडे बघायचेच नाही. तीन गोष्टींच्या दोन झाल्या.

दुसरा फायदा निव्वळ गणिताचा. नळीवरची खाच आणि माशी यांत ६० सेंटीमीटर अंतर असेल, तर १ मिलिमीटरची चूक १०० मीटरवर साधारण १७ सेंटीमीटर होते. तीच साइट दस्त्याच्या मानेवर नेऊन अंतर ८५ केले की चूक १२ वर येते. घोडा नसलेल्या किंवा आखूड खटक्याच्या एकेरी रायफलीवर मानेची जागा मोकळी असते, म्हणून साइट तिथे बसते. बोल्टच्या रायफलीत तीच जागा बोल्टच्या मागे जाण्यासाठी राखून ठेवावी लागते.

तेव्हा १८८५च्या सुमारास रायफल निवडणाऱ्याने विचारायला हवा तो प्रश्न ‘कोणती कंपनी’ हा नव्हता. दाट झाडी, जवळचे जनावर, सरता उजेड असेल तर उथळ खाच आणि मोठी माशी. उघडे माळरान, स्थिर बैठक, लांबचे जनावर असेल तर मानेवरचे भोक. मला विचाराल तर मोठ्या भोकाची लायमन साइट दोन्ही कामे बरीच सांभाळते आणि चष्मा लागलेल्याने दुसरीकडे बघूच नये.

दोन-तीन दशकांत एका वेळी अनेक काडतुसे भरायच्या बोल्टच्या रायफलींनी एकेरीला मागे टाकले. विंचेस्टरने १८८५चे मॉडेल १९२०च्या आसपास थांबवले, तोवर सुमारे १,४०,००० बनल्या होत्या. १९६७ मध्ये बिल रूगर यांनी फार्क्वार्सनच्या धाटणीवर रूगर नंबर वन बाजारात आणली. अनेकांनी वेडेपणा म्हटले तरी ती दशकानुदशके खपली. १९९०च्या ‘क्विगली डाउन अंडर’ चित्रपटानंतर शार्प्सच्या नव्या प्रतींना मागणी आली. माँटानाच्या बिग टिंबर गावी शायलो कंपनी त्या बनवते, इटलीतल्या काही कंपन्याही. मिसिसिपीसारख्या राज्यात जुन्या धाटणीच्या शस्त्रांसाठी वेगळा शिकारीचा हंगाम ठेवला आहे आणि त्यात बाहेर घोडा असलेली एकेरी रायफल चालते.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा हा अध्याय बहुतांशी मिटवला, आणि तो मिटायलाच हवा होता. अमेरिकेत मात्र आजही एकेरी रायफल खरेदी करणाऱ्या माणसाला मानेवरची साइट बहुधा रायफलीसोबत मिळत नाही. स्क्रूची भोके अनेकदा कारखान्यातून पाडून येतात, साइट वेगळी मागवावी लागते, आणि चांगल्या व्हर्नियर साइटचे पैसे मोजताना त्याने हात आखडता घेऊ नये.