हिराधर आणि मक्तेदाराचा दाखला

डभोईस जाणे झाले तर पूर्वेकडील हिरा भागोळ अवश्य पाहावी. तेराव्या शतकातील वाघेला राजवटीची ही वेस हिराधर नावाच्या कारागिराने घडविली, असे लोक सांगतात. राजाचा दगड चोरून त्याने अन्यत्र तलाव बांधला, या आरोपावरून त्यास जिवंत गाडण्यात आले. पत्नीने फटीतून तूप ओतून त्यास जगविले, अशी आख्यायिका आहे. तिच्या खरेपणाबद्दल शंका घ्यावी. पण सरकारी मालाचा हिशेब हा झगडा मात्र खराच! हिराधरापाशी ना करारपत्र होते, ना दाद मागावयास जागा.

पुढे डलहौसीच्या कारकीर्दीत सार्वजनिक बांधकाम खाते उभे राहिले. निविदा, अनामत आणि मोजमापाची वही यांचे राज्य आले. खुद्द डभोईस 1862 साली खंडेराव गायकवाडांची अरुंदमापी रेल्वे मियागामपर्यंत धावू लागली. तिचे डबे आरंभी बैल ओढीत.

आज आपल्या देशात सर्व बांधकामांस चालेल असा एकच परवाना नाही. मक्तेदाराने खात्याकडे वर्गवार नोंदणी करावयाची; वर्गावरून कामाच्या रकमेची मर्यादा ठरते. नोंदणीस बँकेचा ऐपतीचा दाखला लागतो आणि वरच्या वर्गास पूर्वानुभवही. नवख्याची कोंडी येथेच होते. मग तो कनिष्ठ वर्गातून आरंभ करतो, किंवा बड्या मक्तेदाराचा पोटमक्तेदार होतो. पोटमक्तेदाराचे नाव पुष्कळदा सरकारी दप्तरी नसतेच; देयक अडले तर त्याची अवस्था हिराधराहून फारशी निराळी नसते. महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्था व बेरोजगार अभियंते यांच्यासाठी लहान कामांचा वाटा राखण्यात आला, तो ही अडचण ओळखूनच.