सिंध मुंबईपासून वेगळा कसा झाला?

मुलुंड कॉलनीत किंवा चेंबूर कॅम्पात सिंधी शेजारी असलेल्या आपल्यापैकी अनेकांना वाटतं, की सिंध आणि मुंबईचं नातं १९४७ नंतर निर्वासित आले तेव्हा जुळलं. प्रत्यक्षात त्याआधी तब्बल ८९ वर्षं सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता.

१८४३ मध्ये चार्ल्स नेपियरने तालपूर मीरांना हरवून सिंध घेतला. १८४७ मध्ये तो मुंबईला जोडला गेला. तिथल्या हिंदूंना नाही की मुसलमानांना नाही, कुणालाच विचारलं गेलं नाही. रोजचा कारभार कराचीतला कमिशनर हाकायचा, पण कायदे, खर्चाची मंजुरी आणि पुढे मॅट्रिकची परीक्षा मुंबईची. मराठी माणसंही तिकडे नोकरीला गेली. कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला आजही शिक्षणखात्यातल्या नारायण जगन्नाथ वैद्य यांचं नाव आहे.

आता महत्त्वाचा मुद्दा. सिंध वेगळा करा, ही मागणी मुसलमानांनी काढली असं व्हॉट्सअ‍ॅपवर सर्रास फिरतं. पण १९१३ च्या कराची काँग्रेसमध्ये ती मांडली स्वागताध्यक्ष हरचंद्राय विशिनदास यांनी, आणि ते हिंदू होते. सिंधचा भूगोल वेगळा, माणसं वेगळी, असं त्यांचं म्हणणं होतं. धर्माचा वाद त्यात नव्हता.

तो शिरला पुढच्या दशकात. सिंधमध्ये मुसलमान सुमारे ७३ टक्के, पण मुंबई इलाख्यात धरले तर अल्पसंख्य. व्यापार, सावकारी, शिक्षण, सरकारी नोकऱ्या यांत हिंदू पुढे. वेगळ्या प्रांतात आपलं काय होईल, ही त्यांची धास्ती खोटी म्हणता येत नाही. मार्च १९२७ मध्ये दिल्लीत जिनांच्या अध्यक्षतेखाली जमलेल्या मुस्लिम नेत्यांनी तर देवाणघेवाणच मांडली: सिंध वेगळा करण्यासह काही मागण्या मान्य करा, आम्ही स्वतंत्र मतदारसंघ सोडतो. १९२८ च्या नेहरू अहवालाने अटी घालून सिंधचं वेगळेपण मानलं, पण एकंदर सौदा काही जमला नाही. आमच्या मते खरी संधी तिथेच हुकली. मग प्रश्न लंडनच्या गोलमेज परिषदेत गेला आणि निर्णय इंग्रजांच्या हाती राहिला. सक्कर बंधाऱ्याच्या कर्जाचा बोजा हा नवा प्रांत कसा पेलणार, यावरही बराच खल झाला.

अखेर १९३५ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९३६ रोजी सिंध स्वतंत्र प्रांत झाला. त्याच दिवशी ओरिसाही झाला. त्याला मात्र कुणी फाळणी म्हणत नाही! जमीनदार वडेरे आणि कुळं असलेले गरीब हारी यांच्या नात्यात या बदलाने फारसा फरक पडला नाही, हेही सांगायला हवं.

'इथेच पाकिस्तानची पहिली वीट रचली' असं म्हणणाऱ्यांनी अल्लाबख्श सूमरो यांचं नाव वाचावं. सिंधचे प्रीमियर राहिलेले सूमरो एप्रिल १९४० मध्ये दिल्लीच्या आझाद मुस्लिम परिषदेचे अध्यक्ष होते आणि त्यांनी फाळणीला उघड विरोध केला. १४ मे १९४३ रोजी शिकारपूरमध्ये त्यांचा खून झाला. अर्थात दुसरी बाजूही आहे: त्याच वर्षी मार्चमध्ये सिंध विधानसभेने पाकिस्तानच्या बाजूने ठराव केला होता.

पुढे पंजाब आणि बंगाल मधोमध कापले गेले. सिंध मात्र अख्खा पाकिस्तानात गेला, त्यामुळे सिंधी हिंदूंच्या वाट्याला इकडे स्वतःचा प्रांत आलाच नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि बोटी भरभरून माणसं मुंबईला आली. कल्याणजवळच्या छावण्यांचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. त्यांच्यातल्या पदवीधरांकडे सर्टिफिकेट मात्र मुंबईचंच होतं, कारण प्रांत वेगळा झाल्यावरही सिंधची कॉलेजं मुंबई विद्यापीठालाच जोडलेली राहिली. सिंध विद्यापीठ निघालं ते थेट १९४७ मध्ये.