नाव सर्वांच्या तोंडी, माणूस कोणास ठाऊक?

आपल्या बीड जिल्ह्यात वरात निघाली की बँडवाल्यांकडे ठरलेल्या फर्माइशी होतात. त्यांत 'अमर अकबर अँथनी' या १९७७ सालच्या चित्रपटातले अँथनी गोन्सालविसचे गाणे असतेच. भल्यामोठ्या अंड्यातून उंच टोपी घातलेला अमिताभ बच्चन बाहेर पडतो, ते हे गाणे. आम्हीही त्यावर टाळ्या पिटल्या आहेत. परंतु अँथनी गोन्सालविस नावाचा हाडामांसाचा माणूस होऊन गेला, तो वाद्यवृंदाचा संचालक होता, हे आम्हांस फार उशिरा कळले. शाळा लवकर सुटलेल्या माणसास बऱ्याच गोष्टी उशिराच कळतात. म्हणूनच त्या सांगितल्यावाचून राहवत नाही.

वाद्यवृंदाचा संचालक करतो तरी काय? आपल्या मैफलीत गवई राग मांडतो आणि तबलजी व पेटीवाला त्याच्या मागून चालतात. पाश्चात्य अभिजात संगीतात शंभर वादक बसतात, प्रत्येकापुढे लिहिलेला कागद असतो आणि प्रत्येकाचे काम निराळे असते. पुढे उभा असलेला संचालक एकही वाद्य वाजवीत नाही. मोर्चा काढणाऱ्यांना याचे मर्म चटकन कळावे. पुढची रांग घोषणा देते तेव्हा मागची अर्धा शब्द मागे पडते आणि नुसता गोंगाट होतो. मध्ये एकाने हात उंचावून ठेका धरला, की तोच गोंगाट एक आवाज होतो. संचालकाची काठी हेच करते.

गोन्सालविस यांचा जन्म १९२७ साली गोव्यातील माजोर्डा गावी झाला. वडील चर्चमधील गायकवृंदाचे मास्तर. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या खेडोपाडी चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन व व्हायोलिन शिकवीत असत. त्या विद्येच्या बळावर शेकडो गोवेकर पोटासाठी मुंबईस आले. १९४३ मध्ये, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, गोन्सालविस नौशाद यांच्या वाद्यमेळात व्हायोलिन वाजवू लागले.

तेथील कामाची रीत पाहण्याजोगी आहे. संगीतकार चाल ऐकवी. ती स्वरलिपीत उतरविणे, मधले वाद्यखंड बसविणे, कोणत्या वाद्याने केव्हा काय वाजवावे ते प्रत्येकास लिहून देणे, हे काम संयोजकाचे. गायक व वादक एकदमच ध्वनिमुद्रित होत. एकाचे चुकले, की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून! हे ओझे बहुतांशी गोवेकरांनी वाहिले. पडद्यावर मात्र नाव झळके ते संगीतकाराचे. वादक बहुधा निनावीच राहत.

गोन्सालविस यांच्या मनात याहून मोठा बेत होता. मुंबईत मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारला होता आणि त्यांचे चिरंजीव झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नास शिकावयास जाऊन पुढे जगद्विख्यात संचालक झाले. त्यांचे क्षेत्र युरोपचे संगीत. गोन्सालविस यांना आपले राग वाद्यवृंदातून ऐकवायचे होते. हे काम सोपे नव्हे. आपला राग एका ओळीने चालतो आणि त्यात काही स्वर वर्ज्य असतात. पाश्चात्य पद्धतीत अनेक स्वर एकाच वेळी एकमेकांवर रचले जातात. त्या रचनेत वर्ज्य स्वर शिरला, की राग मोडला. हे सांभाळीत त्यांनी 'सोनाटिना इंडियाना' आणि सारंग रागावरील कन्सर्टो अशा रचना लिहिल्या. १९५८ मध्ये त्यांनी 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' स्थापन केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात वादकांचा मोठा ताफा बसवून कार्यक्रम केला. गायला लता मंगेशकर व मन्ना डे होते.

हा वाद्यवृंद पुढे टिकला नाही. आमच्यासारख्यास त्याचा हिशेब उघड दिसतो. वादकाची भाकरी स्टुडिओत होती. तालमीचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. शंभर माणसांचा रोज एकट्याच्या ध्येयाने भरून निघत नाही, त्यास पाठीशी संस्था लागते. १९६५ मध्ये गोन्सालविस अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठात गेले. परतल्यावर चित्रपटांच्या धंद्यात न शिरता ते माजोर्ड्यास शांतपणे राहिले आणि २०१२ मध्ये वारले.

मग त्या गाण्यात त्यांचे नाव आले कसे? लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल लहानपणी त्यांच्यापाशी व्हायोलिन शिकले होते. त्यांनी पडद्यावरील अँथनीस गुरूचे नाव मिळवून दिले. ज्या धंद्याने गुरूचे नाव पडद्यावर येऊ दिले नाही, त्याच धंद्यात शिष्याने ते देशभर गाजविले. ऋण फेडण्याची ही तऱ्हा आम्हांस मोठी वाटते. तथापि, नाव गाजले आणि माणूस झाकलेलाच राहिला, हेही तितकेच खरे.

आमच्या जिल्ह्यातून दर हंगामास लाखो हात ऊस तोडावयास बाहेर पडतात. साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते, कोयत्याचे नसते. गाण्याचीही तीच कथा. तेव्हा एवढेच मागणे आहे: पुढच्या वरातीत ते गाणे वाजले, की घटकाभर थांबून क्लॅरिनेट वाजविणाऱ्यास त्याचे नाव विचारा.