वनभेंडी: आकड्यांची आणि वाखाची कुळकथा

दिवाळीनंतर कोकणातल्या पायवाटेने चालत गेले की लेंग्याला, पदराला, गुरांच्या शेपटीला बारीक काटेरी बोंडे चिकटतात. ती बहुधा वनभेंडीची असतात. शास्त्रीय नाव युरेना लोबाटा, कुळ भेंडीचे.

हे बोंड भिंगाखाली पाहण्यासारखे असते. आकार वाटाण्याएवढा, आत पाच फाकी आणि प्रत्येक फाकीत एकच बी. फाकीवरच्या प्रत्येक काट्याच्या टोकाला मागे वळलेले इवलेसे आकडे असतात. सुकल्यावर फाकी सुट्या होतात आणि जो जवळून जाईल त्याच्याबरोबर निघतात. फूल गुलाबी, गाभ्यात गडद. भेंडी-जास्वंदीच्या फुलात स्त्रीकेसराची टोके पाच असतात, इथे ती दहा. बीजकोशाचे कप्पे मात्र पाचच. अंगभर चांदणीच्या आकाराची लव असते. पानाच्या मागे, मधल्या शिरेच्या बुडाशी मधाची ग्रंथी असते आणि तिच्यासाठी मुंग्या येतात.

उष्ण, दमट हवा आणि माणसाने मोडलेली जमीन तिला मानवते: रस्त्याची कड, पडीक रान, कुरण, बागायतीचा बांध. दाट जंगलाच्या सावलीत ती क्वचितच दिसते.

युरेना हे नाव मलबारचे. कोचीनचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड याच्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या १२ खंडी ग्रंथात (१६७८ ते १६९३) हे झुडूप ‘उरेन’ म्हणून आले आणि १७५३ मध्ये लिनियसने तेच नाव लॅटिन वळणाने पक्के केले. या ग्रंथासाठी मळ्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही खपले होते. त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रशस्तिपत्र त्यात छापलेले आहे. वनस्पतींच्या इतिहासात या माणसांचा उल्लेख ठळकपणेच व्हायला हवा.

सालीचा वाख मऊ, पांढरट, तागाच्या तोडीचा. आफ्रिकेत त्याला ‘काँगो जूट’ म्हणतात. ब्राझीलमध्ये हीच वनभेंडी ‘माल्वा’ नावाने ॲमेझॉनच्या पूरमैदानात पेरली जाते. तिथले शेतकरी कापलेल्या जुड्या पाण्यात कुजवतात आणि कमरभर पाण्यात उभे राहून साल सोलतात. अंबाडी कुजवणाऱ्याला हे काम नवे वाटणार नाही. त्या वाखाची पोती कॉफीसाठी वापरली गेली.

फ्लोरिडात मात्र तिची गणना उपद्रवी तणांत होते. तिथे तिच्या रानातून बाहेर पडताना बूट आणि कपडे झाडून घ्यावे लागतात.