'म्यां'चा 'मी' झाला तेव्हा

'राम आंबा खातो' आणि 'रामाने आंबा खाल्ला' ही दोन वाक्ये आपण शाळेत पाठ केली. पहिला कर्तरी प्रयोग, दुसरा कर्मणी. मार्क मिळाले, विषय संपला. पण जरा थांबून पाहिले तर यात एक मोठी गंमत आहे. आज खाणे चालू असते तेव्हा क्रियापद खाणाऱ्याकडे पाहते : राम खातो, सीता खाते. तेच खाणे कालचे झाले की क्रियापदाची नजर पानात वाढलेल्या जिनसेकडे वळते : आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले. खाणारा राम असो की सीता, क्रियापदाला फरक पडत नाही. 'राम गेला, सीता गेली' इथे मात्र ते पुन्हा कर्त्याचे ऐकते. म्हणजे भूतकाळाच्या पंगतीत गेलेला राम आणि खाल्लेला आंबा एका पाटावर बसतात, आणि खाणारा राम 'ने'चा बिल्ला लावून वेगळा बसतो.

भाषाशास्त्रज्ञ अशा रचनेला 'अर्गॅटिव्ह' म्हणतात. 'काम' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. ही रचना जगात दूरदूर सापडते. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरच्या बास्क भाषेत माणूस 'आला' तर तो 'गिझोना', पण त्याने भाकरी 'खाल्ली' तर तो 'गिझोनाक'. तिथे हा 'क' वर्तमानकाळातही लागतो. आपण तो मान फक्त भूतकाळाला दिला.

तो का दिला, याचे उत्तर इतिहासात आहे. संस्कृतात 'रामाने आंबा खाल्ला' हे दोन तऱ्हांनी सांगता येई. एक, क्रियापदाचे भूतकाळी रूप वापरून. दुसरी तऱ्हा 'रामेण आम्रः खादितः', म्हणजे रामाकडून आंबा खाल्लेला. पाणिनीने अशा कर्त्याला आणि कुऱ्हाडीसारख्या साधनाला एकच तृतीया विभक्ती दिली होती. पुढे प्राकृतांच्या काळात भूतकाळाची जुनी रूपे झिजत गेली आणि ही दुसरी तऱ्हाच मुख्य रस्ता झाली. शेजारी इराणातही असेच घडले. इ.स.पू. ५२०च्या सुमारास दारयवहू राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरून घेतला. त्यात 'मी केले' हे 'माझे केलेले' अशा धर्तीवर सांगितले आहे.

मग वाटा फुटल्या. पश्तो आणि उत्तरेकडची कुर्दी यांनी ही रचना जपली. फारसीने सोडून दिली. तिथे आता कालचे क्रियापदही खाणाऱ्याचेच ऐकते. बंगालीनेही तेच केले. हिंदीने 'मैंने' म्हणून ती सांभाळली, आणि तिची सख्खी बहीण दखनी मात्र बेधडक 'मैं रोटी खाया' म्हणते. दखनी आमच्या घरची. हिंदीच्या पुस्तकाला ती चुकलेली वाटेल. पण तिने केले ते फारसीने आणि बंगालीने आधीच केलेले आहे.

मराठीची वाट सर्वांत मजेची. ज्ञानदेवांच्या मराठीत 'मी केले' नाही, 'मियां केले' आहे. संस्कृत 'मया'चे हे नाते. तूचे 'तुवां' होते. पुढे 'म्यां' आणि 'त्वां' झाले, आणि एकोणिसाव्या शतकातल्या गद्यातही ते भेटतात. मग प्रमाण मराठीत हळूहळू 'म्यां'च्या जागी 'मी' येऊन बसला. पाटी बदलली, घर तेच राहिले : मी पोळी खाल्ली, मी आंबे खाल्ले. क्रियापद अजून पोळीचेच आणि आंब्यांचेच ऐकते. 'तू पोळी खाल्लीस' यात तर दोघांचेही मन राखले आहे. 'खाल्ली' पोळीची, शेवटचा 'स' तुझा. 'त्याने', 'तिने' मात्र जागचे हलले नाहीत.

'मी' आणि 'तू' यांनाच ही सूट का? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये जिर्बल नावाची आदिवासी भाषा आहे. तिच्यातही नामांना कर्त्याची खूण लागते. मी-तूला लागत नाही. मराठीशी तिचा काडीचा संबंध नाही. मायकेल सिल्व्हरस्टीन यांनी १९७६ मध्ये अशा भाषा शेजारी ठेवून एक उतरंड दाखवली. बोलणारा आणि ऐकणारा हे करणारे असणार, हे गृहीतच असते. त्यांना बिल्ल्याची गरज कमी. वारा, दगड, परका माणूस काही करतो तेव्हा ते मुद्दाम सांगावे लागते.

याच रचनेवरून एकेकाळी माणसांची प्रतही ठरवली गेली. १९१६ मध्ये उलेनबेक या डच पंडितांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांतले सकर्मक क्रियापद मुळात कर्मणी आहे असे मांडले. या लोकांच्या मते खरी कर्ती कुणी अदृश्य शक्ती असते आणि माणूस तिच्या हातातले साधन, असा त्यांचा निष्कर्ष. एडवर्ड सपीर यांनी पुढच्याच वर्षी त्यावर कठोर टीका केली. आपण मराठी माणसे त्याला आणखी सोपे उत्तर देऊ शकतो. आपण आज पराक्रमी असतो आणि काल झाला की दैवाधीन होतो, असे आहे का? व्याकरणात लोकांचा स्वभाव नसतो, त्यांच्या भाषेने केलेला प्रवास असतो.

तो प्रवास सर्वांना सारख्या सवडीने करता येत नाही. 'म्यां' जायला कित्येक शतके लागली आणि तो मराठीच्या मांडीवरच गेला. १९८५ मध्ये ॲनेट श्मिट यांचे तरुण पिढीच्या जिर्बलवरचे पुस्तक आले. त्यात दिसते की पोरांच्या बोलण्यात कर्त्याची खूण विरत चालली आहे आणि शब्दांचा क्रम इंग्रजीसारखा होत आहे. शतकांचे काम तिथे एकदोन पिढ्यांत उरकले, कारण शेजारी इंग्रजी उभी होती. आज जिर्बल बोलणारे फार थोडे उरले आहेत. बदल दोन्हीकडे झाला. आपल्याकडे 'म्यां' गेला आणि त्याच्या जागी 'मी' म्हणायला मराठी होती. जिर्बलच्या पोरांपाशी खुणेमागोमाग भाषाच चालली आहे.